ऐकणाऱ्याचं माप

बोलघर नावाच्या भाषेच्या संग्रहालयात सगळ्यांत लांब रांग शिव्यांच्या दालनापुढे लागायची आणि त्या रांगेत पुढे उभे असायचे ते पेन्शनर. आत भिंतभर महाराष्ट्राचा नकाशा होता. त्यावर आपल्या गावावर बोट ठेवलं की तिथली खास शिवी तिथल्याच माणसाच्या आवाजात ऐकू यायची. देवदर्शन करून यावं तशी माणसं प्रसन्न चेहऱ्याने बाहेर यायची. शेजारच्या व्याकरणाच्या दालनात रखवालदार खुर्चीत बसून डुलक्या घ्यायचा.

जयमाला शिंगटे त्या रांगेत उभी राहिली नाही. शब्दांच्या विहिरीपाशी ती जरा रेंगाळली. विहिरीत वाकून एखादा शब्द उच्चारला की तोच शब्द दोनतीनशे वर्षांपूर्वी लोक कसा बोलायचे ते आतून परत यायचं. शाळेच्या सहलीची पोरं त्यात एकमेकांची टोपणनावं टाकून खिदळत होती. जयमाला पुढे गेली आणि इमारतीच्या अगदी मागच्या बाजूला, ज्याच्यासाठी ती आली होती त्या दालनापाशी येऊन थांबली. दारावर पाटी होती: 'ऐकणाऱ्याचं दालन. एका वेळी एकानेच आत जावे.'

तिला नवऱ्याचा आवाज ऐकायचा होता. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती आणि गेल्या पावसाळ्यापासून त्यांचा आवाज तिला आठवेनासा झाला होता. चेहरा आठवायचा, पायऱ्या चढताना दम खायला थांबायचे ते आठवायचं. पण 'जया' अशी हाक कशी मारायचे हे मनात आणायला गेलं की काहीच हाताला लागायचं नाही. फोनमध्ये व्हिडिओ ढीगभर होते, पण ते सगळे त्यांनीच काढलेले, आणि काढताना ते तोंडातून एक अक्षर काढत नसत. मूलबाळ नव्हतं. दिवसाकाठी तिचं बोलणं व्हायचं ते भाजीवालीशी आणि गॅसचा नंबर लावून घेणाऱ्या मशीनशी. कधी संध्याकाळी फोन वाजायचा आणि 'हॅलो' म्हणताना घसा खरखरायचा, तेव्हा तिला कळायचं, की आज आपण अजून बोललोच नव्हतो.

गंमत अशी, की तिचा आवाज मात्र रोज गावभर बोलत होता. कराडच्या एसटी स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करण्यात तिची सगळी नोकरी गेली. ती निवृत्त झाल्यावर स्टँडवर संगणक बसवला आणि त्याला आवाज दिला तो जयमालाचाच. त्यामुळे कुठे जायला म्हणून ती स्टँडवर गेली, की तिच्याच आवाजात तिला खिसेकापूंपासून सावध राहण्याचा सल्ला मिळायचा. पहिल्यांदा तिला हसू आलं होतं. नंतर नंतर ती रिक्षानेच जायला लागली.

या दालनाची हकिगत अशी. आपण बोलतो ते एकट्याचं नसतं. शिंपी अंगाच्या मापाने कपडा बेततो तसं माणूस ऐकणाऱ्याच्या मापाने बोलणं बेततो. ऐकणारा बहिरा असेल तर शब्द सावकाश आणि मोठ्याने येतात, तापट असेल तर आधी 'रागावू नका हं' येतं, घरचाच असेल तर अर्ध्या गोष्टी न सांगता सोडून दिल्या जातात, कारण त्याला त्या ठाऊकच असतात. इथे तो हसेल म्हणून आपण क्षणभर थांबतो, तिथे तो 'हं' म्हणेल म्हणून सूर वर नेतो. आता, नुसता टांगलेला सदरा बघून चांगला शिंपी सांगू शकतो, की घालणाऱ्याचं पोट सुटलंय. मग नुसतं बोलणं तपासून ऐकणारा कोण आहे ते का काढता येऊ नये, असं काही संशोधकांच्या डोक्यात आलं.

त्यांनी हजारो जोड्यांची संभाषणं जमवली. यंत्राला एकाचं बोलणं ऐकवायचं, दुसऱ्याचं झाकून ठेवायचं आणि झाकलेलं ओळखायला सांगायचं. चुकलं की सुधारायचं. असं करता करता यंत्र इतकं तरबेज झालं, की बोलणाऱ्याने सोडलेल्या जागांमधून ते ऐकणाऱ्याचे हुंकार, त्याचं हसणं, 'मग?' म्हणण्याची त्याची लकब उभी करायला लागलं. आवाजाची पट्टीसुद्धा जमायची, कारण ज्याच्याशी रोज बोलतो त्याच्या सुराकडे आपला सूर नकळत झुकतो. आणि मग त्यांना जे सापडलं त्याची त्यांनाही कल्पना नव्हती. माणूस कोणाशीही बोलत असो, त्याच्या बोलण्याच्या तळाशी एकच ऐकणारा पक्का बसलेला असतो. ज्याच्या मापाने ते बोलणं वर्षानुवर्षं बेतलं गेलं, तो. त्याला त्यांनी 'मूळ श्रोता' असं नाव दिलं.

यंत्राला त्या माणसाच्या आठवणी ठाऊक नसत, फक्त त्याची ऐकण्याची तऱ्हा कळत असे. सुरुवातीला बरीच मंडळी आजीने दागिने कुठे ठेवलेत ते विचारायला आली आणि नुसतं 'हं हं' ऐकून चिडून गेली. पुढे मग व्हायचं ते झालं. लग्नं जुळवणारे पत्रिकेबरोबर श्रोत्याचा दाखला मागायला लागले. एका नवऱ्याच्या बोलण्यातून बायकोच्या जागी त्याची आई निघाली. त्याचं नवल सगळ्यांना वाटलं, बायकोला वाटलं नाही. एका पुढाऱ्याच्या बोलण्यात कोणीच निघालं नाही, तेव्हा यंत्र विरोधकांनी बनवलंय असं त्याने जाहीर करून टाकलं. एका म्हाताऱ्या मेंढपाळाच्या बोलण्यातून त्याचा मेलेला कुत्रा निघाला. तो एकटाच काय तो डोळे पुसत, खूश होऊन घरी गेला.

दालनावर खोत नावाचे गृहस्थ बसायचे. पूर्वी शाळेत मराठी शिकवायचे. वर्गात कोणी ऐकायचं नाही म्हणून इथे आलो, असं ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. त्यांच्यापुढे टेबलावर कागदी रुमालांचा डबा असायचा.

"कोणाला ऐकायचंय, ताई?"

"आमच्या ह्यांना."

"नाव?"

गावोगावची नावं जयमालाने जन्मभर माइकवर घेतली होती, पण नवऱ्याचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. आता या चष्मेवाल्या गृहस्थांपुढे उखाणा घ्यायचा की काय?

"नाव लागतंच का हो?"

"नाव आपलं नोंदवहीपुरतं. यंत्र नावावर जात नाही," खोत म्हणाले. "फक्त एक लक्षात ठेवा. आम्ही इथं कोणाला बोलावून आणत नाही. तुमच्या बोलण्यात जो असेल तोच येणार."

हे तिने ऐकलं आणि सोडून दिलं. तिच्या बोलण्यात दुसरं कोण असणार होतं?

आत एक खुर्ची होती, चारी बाजूंना लाकडी भिंती आणि मंद उजेड. काहीही बोला, दिवसभरात जे घडलं ते सांगा, असं खोतांनी सांगितलं होतं. जयमालाने आधी घसा साफ केला आणि सवयीने घोषणेच्या सुरातच सुरुवात केली. मग तिचं तिलाच हसू आलं. मग ती स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाचं सांगायला लागली. प्लंबर आला, त्याने नळ दुरुस्त करायच्या जागी उपटून हातात दिला, वर म्हणाला, मावशी, आता गळणार नाही.

"हं," कोणीतरी म्हणालं.

हुंकार मऊ होता, समजूतदार होता. पण तो बाईमाणसाचा होता.

यंत्र बिघडलं असणार, असं तिला वाटलं. पण आलंय तर बोलावं, म्हणून ती पुढे सांगत गेली, आणि सांगताना तिच्या लक्षात एक गोष्ट आली. तो आवाज मध्येच नाहीसा व्हायचा. वाक्य अर्ध्यात असताना ऐकणारीने मान दुसरीकडे वळवावी तसं व्हायचं. क्षणभर काहीच नाही. मग परत, "हं, पुढं?" आणि याहून चमत्कारिक म्हणजे त्या क्षणी जयमाला स्वतःच थांबायची. वाक्य हातात धरून ती मुकाट थांबायची आणि 'पुढं?' आलं की जिथे सोडलं तिथूनच उचलायची. हे असं थांबायला तिला कोणी शिकवलं होतं?

मग तिला ती खोली आठवली. स्टँडवरची चौकशीची खोली, दोन टेबलांची. एका टेबलावर माइक, तिथे जयमाला. तिच्या पाठीला पाठ लावून खिडकीशी रशीदा तांबोळी. खिडकीशी सारखी माणसं. त्यामुळे जयमालाने काही सांगायला घेतलं की मध्येच रशीदा खिडकीतून बाहेर सांगायची, "पाटणची गाडी लागली नाही अजून, आजोबा, बसा तिकडं," आणि मान न वळवता मागे म्हणायची, "हं, पुढं?" उभा जन्म असा गेला. सासूचं दुखणं, दवाखान्याच्या वाऱ्या, मूल होणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलं तो दिवस, सगळं जयमालाने भिंतीकडे तोंड करून, तुकड्या तुकड्यांनी, पाठीमागच्या माणसाला सांगितलं होतं.

ती बाहेर आली तेव्हा खोतांनी सवयीने रुमालांचा डबा पुढे केला.

"भेटले का?"

जयमालाने मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते तिलाही सांगता आलं नसतं.

घरी येऊन ती बराच वेळ नवऱ्याच्या फोटोपुढे बसली. तिला लाज वाटली, भयंकर लाज वाटली. माणूस वाईट नव्हता. पगार आणून हातात द्यायचे, तिच्या तापात उशाशी बसून राहायचे. फक्त ऐकायचे नाहीत. टीव्हीकडे बघत "ऐकलं, ऐकलं" म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच विचारायचे. तेवढ्यावरून कोणी माणसाला बोलण्यातून काढून टाकतं का? तिने फोटोला हात जोडले. आणि मग जी गोष्ट इतकी वर्षं केली नव्हती ती दुसऱ्याच दिवशी केली. रिक्षा करून ती कराडला लागूनच असलेल्या मलकापूरला, रशीदाकडे गेली.

भांडण झालं नव्हतं दोघींचं. नवऱ्याला अर्धांगवायू झाला तेव्हा जयमालाने मुदतीआधी निवृत्ती घेतली, रशीदा पुढे काही वर्षांनी निवृत्त झाली, आणि स्टँडच सुटलं म्हटल्यावर भेटायला जागा उरली नाही. ते गेले तेव्हा रशीदा येऊन बसली होती, पण घर पाहुण्यांनी भरलेलं, चार शब्द बोलायला मिळाले नाहीत. मग ईदेला आणि दिवाळीला फोनवर फुलांची चित्रं. तिने करावा फोन, मीच का करू, असं दोघींच्याही मनात. आणि वर्षं काय, एसटीसारखी कोणासाठी थांबत नाहीत.

रशीदा एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर एकटी राहायची. दार उघडून तिने पाहिलं आणि छातीवर हात ठेवला.

"जया? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. मी आले."

"अगं मग आत ये की! असं अचानक कोण येतंय का? काळजात धस्स झालं माझ्या."

त्या दिवशी दोघी समोरासमोर बसल्या आणि बोलणं काही जमेना. नुसतं तब्येतीचं विचारून झालं. मग चहा ठेवायला म्हणून रशीदा ओट्याकडे वळली, तिची पाठ जयमालाकडे झाली, आणि जयमालाच्या तोंडून आपोआप सुटलं, "अगं, आमच्याकडं तो प्लंबर आला होता..." आलं किसता किसता रशीदा म्हणाली, "हं." चहा उतू गेला तरी नळ संपला नव्हता.

मग दर गुरुवारी जयमाला मलकापूरला जायला लागली. दोघी मिळून भाजी निवडायच्या, खालून गरम पाव यायचे, आठवडाभराचं बोलणं साठवून ठेवलेलं असायचं. घसा खरखरायचा थांबला. बोलघरात काय ऐकलं ते मात्र तिने सांगितलं नाही. ह्यांच्यासाठी गेले होते, एवढंच एकदा बोलली. नवऱ्याला ऐकायला गेले आणि तू निघालीस, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि सांगून रशीदाला ओझं वाटलं तर?

थंडी सुरू झाली तेव्हा नांदेडहून नाझूचा फोन आला. नाझनीन, रशीदाची एकुलती एक मुलगी, तिथे मोठ्या दवाखान्यात नर्स होती. रशीदाचा नवरा ती पाळण्यात असतानाच वारला होता.

"म्हणती, अम्मी, बस झालं आता एकटीनं राहणं," रशीदा वांगी चिरत म्हणाली. "खोली तयार केलीय म्हणं माझ्यासाठी. रंग दिलाय."

जयमालाच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मग?"

"मग काय? मन होईना बघ. सगळं हितं आहे. आन् तू आत्ता कुठं सापडलीस."

'जाऊ नकोस' हे दोन शब्द जयमालाच्या ओठांवर आले होते. पण मागून घेतलेलं माणूस किती दिवस आपलं राहतं? रशीदाच्या मनातच काय आहे ते निघायला हवं होतं. आणि ते काय निघणार याबद्दल जयमालाला तसूभरही शंका नव्हती. इतकी वर्षं पाठीला पाठ लावून बसलेलं माणूस. हिच्या बोलण्यात मी असणार नाही तर कोण असणार? मी सांगितलं तर भीड पडेल, यंत्राला कसली आलीय भीड?

"बोलघरात जाऊ या का?" ती म्हणाली. "तुझं माणूस कोण ते कळंल. मग ठरव."

"चल की," रशीदा म्हणाली. "त्या शिव्यांच्या खोलीचं ऐकलंय मी पण."

पुढच्या गुरुवारी रशीदाने आधी शिव्यांची रांग धरली. बाहेर आली ती पदराने डोळे पुसत. "आमच्या गावची अगदीच मिळमिळीत ठेवलीय," तिने तिथल्या माणसाला सुनावलं, "मी सांगते ती लिहून घ्या." त्याने हात जोडले. विहिरीत तिने 'एसटी' हा शब्द टाकला आणि आतून काहीच परत आलं नाही, कारण दोनशे वर्षांपूर्वी एसटी नव्हती. त्यावरही ती पोट धरून हसली. जयमाला मागे मागे चालत होती.

खोतांनी जयमालाला ओळखलं. "दोघींना ऐकायचं असेल तर बाहेर एक जादा हेडफोन आहे. आतल्या माणसाची हरकत नसेल तर."

"हरकत कसली?" रशीदा म्हणाली. "हिच्यापासून काय लपलंय माझं? घे गं, तू पण ऐक."

दार लागलं. जयमालाने हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरला.

रशीदा आधी थोडी अडखळली. मग तिला विषय सापडला. "स्टँडवर ना, एकदा काय झालं. लग्नसराई होती. जयाला कोणीतरी चिठ्ठी आणून दिली. तिनं वाचली, आन् सरळ माइकवर जशीच्या तशी सांगितली. कोल्हापूरच्या गाडीत बसलेल्या नवरदेवांनी ताबडतोब खाली उतरावे, आपले लग्न साताऱ्याला आहे..."

जयमालाला ते सगळं डोळ्यांपुढे दिसलं. मुंडावळ्या सावरत गाडीतून उतरणारा तो पोरगा, सगळ्या स्टँडचं हसणं, आणि माइक बंद करायचा राहिल्यामुळे तिचंही हसणं गावभर गेलेलं. ती वाट बघायला लागली. आता इथे माझं हसणं येईल, ती मनाशी म्हणाली. असंच, फुस्सकन.

हसणं आलं. ते खळखळून आलं, बारीक आवाजात, दुधाचे दात पडलेल्या पोरीचं. आणि मागोमाग, पुढचं ऐकायची घाई झालेली, "फिर?"

"फिर क्या," आत रशीदा म्हणाली, आणि तिचं बोलणं एकदम बदललं. मराठी मागे राहिली, घरातली बोली आली, आवाज खाली उतरला, शब्द लहान झाले, मध्ये मध्ये घास भरवावा तसे थांबे आले. "फिर तेरी जया खाला ऐसी हसी, ऐसी हसी..."

"फिर?"

इतकी वर्षं एका खोलीत बसून जयमालाने रशीदाचा हा आवाज कधी ऐकला नव्हता. तो घरी गेल्यावरचा आवाज होता. दिवसभर शेजारणीकडे ठेवलेली पोर संध्याकाळी मांडीवर घेतली, की तिला जेवता जेवता काहीतरी सांगायला हवं; आणि रशीदाकडे सांगायला होतं काय, तर दिवसभर पाठीमागून ऐकलेलं. जया खालाची, म्हणजे जया मावशीची, सासू, जया खालाचा नवरा, जया खाला माइकवर काय बोलली. जयमालाने तुकड्या तुकड्यांनी दिलेलं सगळं रशीदा घरी नेत होती आणि जोडून लेकीला देत होती. जयमाला त्या गोष्टींमध्ये जागोजागी होती, आणि ऐकणारी मात्र दुसरीच होती. रशीदा तिच्याशी फार कमी बोलली होती, हे तिला आत्ता कळत होतं. रशीदाने ऐकलं होतं. बोलत होती ती स्वतः जयमालाच.

तिने हेडफोन काढला नाही. शेवटपर्यंत ऐकलं.

रशीदा बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा भिजलेला होता आणि उजळलेला होता. खोतांनी तिला रुमाल दिला. मग जयमालाकडे पाहिलं आणि एक तिच्याही हातात ठेवला.

आवारातल्या कँटीनमध्ये दोघी चहा घेऊन बसल्या.

"नाझू होती गं," रशीदा म्हणाली. "एवढीशी. एवढं लेकरू माझ्या आत बसलंय अजून, आन् मी म्हणतीय मन होत नाही!" तिने नाक पुसलं. मग कप खाली ठेवून ती जयमालाकडे वळली, समोर, तोंडाकडे बघत. "आता तू खरं सांग. तू आलीस तेव्हा तुझ्यात कोण आलं? तू कधी बोलली नाहीस."

"का गं?"

"का काय? माझा जीव तिथंच अडकलाय. खोली सोडायची म्हटलं की मला दुसऱ्या कशाचं काही वाटत नाही, तुझं वाटतं. कोणीच आलं नसंल ना जया, तर तसं सांग. मी नाझूला सांगते, अजून दोन वर्षं नाही येत. लेक आहे, समजून घेईल. तिला नवरा आहे, तिची माणसं आहेत."

चहावर साय धरत होती. जयमालाने ती बोटाने बाजूला केली. एक शब्द बोलायचा होता, 'तू'. तो बोलला असता तर गुरुवार राहिले असते, गरम पाव राहिले असते, ती वांगी आणि त्या शेंगा राहिल्या असत्या. रशीदाने शब्द दिला असता तर तो पाळलाही असता. आणि रोज संध्याकाळी नांदेडच्या फोनवर 'फिर?' ऐकत बसली असती. जयमालाला रशीदा हवी होती.

"हेच आले की," ती म्हणाली. "दुसरं कोण येणार?"

"खरं?"

"खरं."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"लाज वाटली. म्हातारपणी काय सांगायचं नवऱ्याचं?"

रशीदा तिच्या तोंडाकडे बघत राहिली. जन्मभर पाठीमागून आवाज ऐकलेली बाई. तोंड वाचायची सवय तिला नव्हती.

"काय म्हणाले?"

"काय म्हणणार? यंत्राला कितीसं येतंय? 'जेवलीस का' म्हणाले."

"या अल्ला! जन्मात कधी विचारलं नव्हतं ते!" रशीदा टाळी देत हसली. "मेल्यावर सुधारला बघ माणूस." मग तिने जयमालाचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. "बरं झालं बाई. आता मी सुटले. तुझं माणूस आहे तुझ्याजवळ."

तिने तिथूनच नाझूला फोन लावला. जयमाला कप परत देऊन यायला उठली.

पुढच्या आठवड्यात रशीदा गेली. सामान फार नव्हतं. जयमाला सोडायला स्टँडवर आली, गाडी लागल्याचं तिच्याच आवाजात दोघींनी ऐकलं, आणि खिडकीतून रशीदा हात हलवत राहिली तोवर जयमालाही हलवत राहिली. नांदेडला पोचल्याचा फोन आला. खोली छान आहे म्हणाली, रंग जरा भडक आहे म्हणाली. मागे कोणीतरी तिला हाका मारत होतं, त्यामुळे फार बोलता आलं नाही.

गुरुवारी जयमाला बोलघरात गेली. शिव्यांच्या दालनापुढे नेहमीसारखी रांग होती. खोतांनी चष्मा वर सरकवून पाहिलं.

"ह्यांनाच ना, ताई?"

"हो," जयमाला म्हणाली.

ती आत गेली. खुर्ची थोडी वळवून घेतली, भिंतीकडे तोंड केलं, पदर सारखा केला.

"अगं," ती म्हणाली, "रशीदा गेली बघ."